पाच कागदांचे घर : पार्ल्याच्या निमित्ताने

मराठी साहित्यात घराला दोन ठळक रूपे लाभली आहेत. एक वाड्याचे, दुसरे चाळीचे. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकाने वाड्याला ढासळत्या सरंजामी कुटुंबाची प्रतिमा बहाल केली, तर पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकाने मुंबईच्या मराठी मध्यमवर्गाची सामूहिक ओळखच चाळीशी जोडून टाकली. आपल्या अभ्यासक्रमांत, चर्चासत्रांत आणि प्रबंधांत ही दोन घरे वारंवार येतात. या दोहोंच्या मधोमध मात्र एक तिसरे घर उभे होते, ज्याच्याकडे समीक्षेने फारसे वळून पाहिलेले नाही. हे घर म्हणजे उपनगरातली बंगली. मंगलोरी कौलांची किंवा गच्चीची, चारी बाजूंना थोडी मोकळी जागा असलेली, फाटकावर नाव कोरलेली आणि मागच्या अंगणात विहीर, नारळ, फणस असलेली.

या दुर्लक्षात एक गंमत दडलेली आहे. चाळीचे महाकाव्य लिहिणारे पु. ल. स्वतः उपनगरात वाढले. जोगेश्वरीच्या सारस्वत बागेत त्यांचे आजोबा वामन मंगेश दुभाषी, म्हणजेच 'ऋग्वेदी', राहत होते. बालपणीची काही वर्षे तेथे गेल्यावर कुटुंब पार्ल्याला आले आणि पु. लं.चे शालेय शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात झाले. म्हणजे ज्या लेखकाने चाळीला अमर केले, त्याचा पिंड घडला तो अंगण असलेल्या वस्तीत. असे असूनही बंगलीला चाळीसारखे केंद्रवर्ती स्थान मराठी वाङ्मयात का मिळाले नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आमच्या मते त्याचे एक कारण असे, की चाळ आणि वाडा यांच्याकडे आपण 'इतिहास' म्हणून पाहतो आणि उपनगरातल्या घराकडे 'आठवण' म्हणून. आठवणीला प्रश्न विचारले जात नाहीत. पारिजातकाचा सडा, विहिरीचा रहाट, शेजारच्या घरातून ऐकू येणारी पेटी, एवढ्यावर ती तृप्त असते. ही जमीन आधी कोणाची होती, घर कोणत्या पैशांतून उभे राहिले, माडीवर कोण राहत होते, मुलींचे काय झाले, हे प्रश्न तिला सुचत नाहीत. ते विचारायचे असतील तर घराची गाणी बाजूला ठेवून घराचे कागद वाचावे लागतात. पार्ल्यातल्या साधारण १९२० ते १९४० या काळात बांधलेल्या कोणत्याही घराची जुनी ट्रंक उघडली, तर निदान पाच प्रकारचे कागद हाती लागण्याची शक्यता असते. जमिनीचा उतारा, खरेदीखत, भाडेपावती, हक्कसोडपत्र आणि पुनर्विकासाचा करार. साहित्याचे विद्यार्थी संहिता वाचतात. येथे या पाच कागदांनाच संहिता मानून वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

१. उतारा

पहिला कागद जमिनीचा. पार्ले हे मुंबईचे उपनगर होण्याआधी साष्टी बेटावरचे गाव होते. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन तिच्यावर ताबा मिळवला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो कायम झाला. या उलथापालथीत जमीन कसणारे मात्र फारसे बदलले नाहीत. भातखाचरे, आंब्याची आणि ताडाची झाडे, खाडीकडची मिठागरे यांवर जगणारे आगरी, कोळी आणि पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले स्थानिक लोक येथे राहत होते. या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, स्वतःसाठी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. त्यांची मातृभाषा मराठीचीच एक बोली आहे, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात नसते. कंपनी सरकारच्या काळात साष्टीतली कित्येक गावे मुंबईच्या धनिकांना, विशेषतः पारशी व्यापाऱ्यांना, खोती हक्काने मिळाली. त्या जुन्या सवलती कायद्याने संपल्या त्या थेट १९५१ मध्ये.

म्हणून उपनगराचा इतिहास 'येथे पूर्वी काहीच नव्हते, नुसते रान होते' या वाक्याने सुरू होतो तेव्हा सावध व्हायला हवे. जुन्या पार्लेकरांच्या आठवणींत हे वाक्य हमखास येते. कोल्हे ओरडत, साप निघत, संध्याकाळनंतर स्टेशनावरून घरी येताना कंदील लागे, असे तपशील त्यासोबत असतात आणि ते खोटे नसतात. पण ज्याला रान म्हटले जाते ते बहुधा कोणाचे तरी खाचर होते. गावठाण आजही पार्ल्यात आहे. अरुंद गल्ल्या, क्रूस, उतरत्या छपरांची जुनी घरे. आखीव रस्त्यांच्या वस्तीतून गावठाणात शिरताना रस्त्याची रुंदी एकदम बदलते. नकाशावर दिसणारा हा बदल दोन इतिहासांमधली सीमारेषाच आहे.

मग शहर इकडे का सरकले? त्याचे मूळ एका रोगात आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आढळला. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि कोंदट हवा यांवर त्याचा दोष ठेवण्यात आला. १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. त्याने जुन्या वस्त्या पाडल्या, नवे रुंद रस्ते काढले आणि शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती वसवल्या. ट्रस्टचे अधिकारक्षेत्र शहराच्या हद्दीपुरते होते. साष्टी त्या हद्दीबाहेर होती. तेथे काम केले ते १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने. वेड्यावाकड्या शेतांचे तुकडे एकत्र करायचे, त्यांतून रस्त्यांसाठी जागा काढायची आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत द्यायची, अशी या कायद्याची पद्धत. पार्ल्यातल्या जुन्या कागदांवर 'टी. पी. एस.' ही अक्षरे आणि 'अंतिम भूखंड क्रमांक' दिसतात ते यामुळे. खाचराचा प्लॉट झाला. मूळ मालकाला चौकोनी जमीन परत मिळाली खरी, पण आता ती विकण्याजोगी वस्तू झाली होती. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला, तेव्हा शासनाच्या दफ्तरातही हा बदल नोंदला गेला.

२. खरेदीखत

दुसरा कागद खरेदीखताचा. तो कोणाच्या नावे आहे हे पाहिले, की वस्ती कोणी वसवली ते कळते. वकील, डॉक्टर, शाळामास्तर, सरकारी कचेऱ्यांतले आणि बँकांतले नोकर, छोटे व्यावसायिक असा हा वर्ग होता. तो गिरगावातून, ठाकूरद्वारहून, क्वचित थेट कोकणातून आला. जहागिरी त्याच्यापाशी नव्हती. पगार आणि बचत होती, शिवाय बायकोचे दागिने होते. 'श्रमसाफल्य' हे नाव उपनगरातल्या इतक्या फाटकांवर का दिसते, ते येथे उमगते. वाड्याला सहसा नाव नसते, तो घराण्याच्या आडनावाने ओळखला जातो. चाळीला मालकाचे नाव असते. आपल्या घराला स्वतः नाव ठेवण्याची हौस ही पगारावर घर बांधणाऱ्या पहिल्या पिढीची आहे. 'मातृछाया', 'गुरुकृपा', 'श्रमसाफल्य' ही नावे एकत्र वाचली तर त्या पिढीचे आत्मचरित्र तीन शब्दांत सापडते.

या पिढीला एकत्र येण्याचे नवे साधन मिळाले होते. ते म्हणजे सहकार. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवली गेली. राव बहादूर श्री. सु. तालमकी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही संस्था देशातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते. कोणा सावकाराच्या मेहेरबानीवाचून नोकरदारांना घर मिळू शकते, हे तिने दाखवून दिले. पण तिच्या नावातच एक मर्यादाही होती. जातभाईंनी जातभाईंसाठी काढलेली ही संस्था होती आणि पुढच्या काळात मुंबईत उभ्या राहिलेल्या कितीतरी वसाहतींनी तोच कित्ता गिरवला. आधुनिक नगररचना, आधुनिक कर्जव्यवस्था आणि जुनी जात यांनी मिळून उपनगराचा पाया घातला. हा प्रश्न केवळ भूतकाळातला नाही. एखाद्या संस्थेने सभासदत्व विशिष्ट समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी केला तर तो वैध ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरास्ट्रियन संस्थेच्या खटल्यात दिला.

येथे आपल्या वाचनातली एक कथा आठवते. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातल्या शीर्षककथेत परगावी रेल्वेच्या नोकरीवर गेलेल्या तरुणापुढे पहिला पेच उभा राहतो तो राहायला जागा मिळवण्याचा, आणि जागेच्या प्रश्नामागोमाग जातीचा प्रश्न येतो. ही कथा आपण दलित साहित्याच्या तासाला शिकवतो. घराच्या इतिहासाच्या तासालाही ती शिकवायला हवी. उपनगराच्या फाटकावर उभ्या असलेल्या, आत येऊ न शकलेल्या माणसाची बाजू तिच्यात आहे.

असे असले तरी पार्ल्याच्या या पहिल्या पिढीने नुसती घरे बांधली नाहीत, हे मान्य करायलाच हवे. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. व्याख्याने, वाचनालय, व्यायाम, संगीत अशा अनेक गोष्टी या संस्थेभोवती वाढल्या आणि मॅजेस्टिक गप्पांसारखा साहित्यिक कार्यक्रम पुढे तिच्याच आवारात रुजला. रस्त्यांची नावे पाहावीत. महात्मा गांधी, नेहरू, सुभाष, मालवीय, श्रद्धानंद, अजमल. हकीम अजमल खाँ आणि स्वामी श्रद्धानंद यांची आठवण देणारे रस्ते एकाच वस्तीत असणे हा त्या काळच्या राष्ट्रीय चळवळीचा नकाशाच म्हणायचा. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पार्ल्यातच पडली होती आणि जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला यांच्यासारखे कार्यकर्ते तिच्यात होते. अंगण असलेल्या घरांनी आपले अंगण कुंपणात बंद करून घेतले नव्हते, याचा हा पुरावा. त्यांनी शाळेसाठी वर्गणी दिली, सभेसाठी ओटी दिली आणि मुलांना प्रभातफेरीला पाठवले. चाळीत सामूहिक जीवन जागेच्या टंचाईतून आपोआप घडत होते. उपनगरात ते संस्था काढून, वर्गणी गोळा करून, मुद्दाम घडवावे लागले. दोन्हींतला हा फरक समीक्षेने नोंदवायला हवा होता.

आता घराच्या आत यावे. या बंगल्यांचा आराखडा पाहिला तर त्यात कोकणातले घर आणि इंग्रजी बंगला यांची तडजोड दिसते. पुढे व्हरांडा, पण त्याचे काम ओटीचे. त्यामागे दिवाणखाना, पण झोपाळ्यासह. मग माजघराची जागा घेणारी मधली खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून मोरी. छपरावरची कौले मंगलोरी. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला सुरू केलेल्या कारखान्यातून हा प्रकार पश्चिम किनाऱ्यावर पसरला. पुढे सिमेंटच्या नक्षीदार फरश्या आल्या. १९२२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या भारत टाइल्सने परदेशी फरशीला स्वदेशी पर्याय दिला. शेणाने सारवलेल्या जमिनीकडून रंगीत फरशीकडे झालेला हा प्रवास बाईच्या कंबरेला थोडा विसावा देणारा होता, ही गोष्टही सौंदर्याच्या चर्चेत विसरली जाऊ नये.

घराला पुढची बाजू होती तशी मागचीही. संडास घरापासून दूर, आवाराच्या टोकाला असे. भूमिगत गटारे येण्यापूर्वी तेथे टोपली असे आणि ती रिकामी करायला येणारा सफाई कामगार मागच्या वाटेने येई व मागच्या वाटेने जाई. घराच्या नकाशात त्याच्यासाठी रस्ता आखलेला होता, घराच्या आठवणीत मात्र त्याला जागा नाही. पारिजातक पुढच्या अंगणात होता म्हणून तो लेखात आला. मागच्या दाराने येणारा माणूस लेखात आला नाही. आठवण आणि इतिहास यांतला फरक याहून स्पष्ट करणारे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

३. भाडेपावती

तिसरा कागद आकाराने सर्वांत लहान आणि परिणामाने सर्वांत मोठा. तो म्हणजे भाडेपावती. पगारदार माणसाने कर्ज काढून घर बांधले, की हप्त्यांसाठी त्याला भाडेकरू लागे. म्हणून तळमजला आपल्याला आणि माडी बिऱ्हाडाला, किंवा आवारातच आणखी दोन खोल्या बांधून त्या भाड्याने, अशी व्यवस्था सर्रास असे. एका कुटुंबाचे घर ही कल्पना आपण जितकी गृहीत धरतो तितकी ती खरी नव्हती. मालक आणि बिऱ्हाडकरू, पुतण्या आणि भाचा, शिक्षणासाठी आलेला गाववाला, हे सर्व एका छपराखाली राहत.

५ जानेवारी १९२८ पासून चर्चगेटच्या बाजूने बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि पार्ल्यात राहून फोर्टात नोकरी करणे सुकर झाले. मागणी वाढली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरात जागेची टंचाई तीव्र झाली आणि भाड्यांवर नियंत्रण आले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. भाडेकरूला यामुळे संरक्षण मिळाले. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्याने आणि युद्धोत्तर महागाईने ग्रासलेल्या शहरात ते आवश्यकच होते. पण घरमालकाच्या बाजूने पाहिले तर चित्र निराळे होते. भाडे गोठले, सिमेंट, लाकूड आणि गवंड्याची मजुरी मात्र गोठली नाही. दहा-वीस रुपयांच्या भाड्यात छपराची डागडुजी होईना. मालक पावती फाडायलाही नाखूश आणि भाडेकरू मनिऑर्डरने भाडे पाठवू लागलेला, हे दृश्य कित्येक आवारांत दिसू लागले. एकाच विहिरीचे पाणी पिणारी दोन कुटुंबे पुढे लघुवाद न्यायालयाच्या जिन्यावर भेटत राहिली.

या कायद्याचा घराच्या आयुष्यावर दुहेरी परिणाम झाला. भाडेकरू हलवता येत नसल्यामुळे घर विकता येईना, पाडता येईना. म्हणून ते टिकले. आणि दुरुस्ती परवडत नसल्यामुळे ते खंगत गेले. ज्यांना आपण जतन झालेली जुनी घरे म्हणतो, त्यांपैकी बरीचशी जिव्हाळ्यामुळे नव्हे, तर खटल्यामुळे उभी राहिली होती. भाड्याने देण्यासाठी घर बांधण्याचा उत्साहही ओसरला. भाड्याच्या बिऱ्हाडाऐवजी मालकीचा 'ब्लॉक' हा नवा आदर्श रूढ झाला आणि १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने त्याला कायद्याची चौकट दिली. इतिहासकार निखिल राव यांनी दादर-माटुंग्याच्या संदर्भात दाखवून दिले आहे, की मुंबईच्या उपनगराने बागेसह बंगल्याचे इंग्रजी स्वप्न फार लवकर सोडून दिले आणि सदनिकेलाच आपलेसे केले. पार्ल्यात ही प्रक्रिया उशिरा आणि रेंगाळत घडली एवढेच. १५ एप्रिल १९५० रोजी मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत वाढली आणि पार्ले मुंबईत आले. तरीही जुने पार्लेकर फोर्टात जाताना 'मुंबईला जाऊन येतो' असेच म्हणत राहिले. भाषेने महापालिकेची हद्द मान्य करायला बराच वेळ घेतला.

४. हक्कसोडपत्र

चौथा कागद घरातल्या मुलींचा. बांधणाऱ्या पिढीतला पुरुष गेला, की घर कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, मृत्युपत्र केलेले नसेल तर, वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. उपनगरातली ही घरे बहुतांशी स्वकष्टार्जितच होती. कायद्याचे पुस्तक येथवरच वाचले तर मुलींना न्याय मिळाला असे वाटेल. पण त्याच कायद्याचे कलम २३ खास राहत्या घरासाठी होते. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलगे मागत नाहीत तोवर मुलीला ती मागता येत नसे. त्या घरात राहण्याचा हक्क तिला होता, पण ती अविवाहित, विधवा, पतीने टाकलेली किंवा पतीपासून विभक्त असेल तरच. सुखाने नांदणाऱ्या मुलीला माहेरच्या घरात वाटा होता, जागा नव्हती. हे कलम रद्द झाले २००५ च्या दुरुस्तीने, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर.

त्या अर्ध्या शतकात कायद्याहून प्रबळ ठरला तो हक्कसोडपत्राचा रिवाज. वडिलांच्या पश्चात भावांच्या नावे घर करण्यासाठी बहिणी सही करत. मोबदल्याच्या रकान्यात बहुधा 'प्रेमापोटी' अशा अर्थाचा मजकूर असे. माहेर तुटू नये, भाऊबीज चुकू नये, म्हणून ती सही होई. मराठी कवितेत आणि ओव्यांत माहेराचे जे अपार स्थान आहे, त्याच्या शेजारी हा नोंदणीकृत दस्त ठेवून वाचला पाहिजे. माहेरची ओढ आणि माहेरावरचा हक्क यांपैकी एकच निवडायची पाळी स्त्रीवर आली, तेव्हा तिने बहुतेक वेळा ओढ निवडली आणि आपण त्या निवडीचे कौतुक केले. तिला निवडावे का लागले, हे विचारले नाही.

याच पिढीत घर रिकामे व्हायलाही सुरुवात झाली. मुले परदेशी किंवा दूरच्या उपनगरांत गेली. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' (१९७३) या नाटकातले दोन वृद्ध आणि त्यांचे ओसाड दिवस प्रेक्षकांना इतके जवळचे वाटले, कारण अशी घरे गल्लोगल्ली दिसू लागली होती. नाटक आपण वृद्धत्वाची शोकांतिका म्हणून शिकवतो. त्यात घराच्या अर्थव्यवस्थेची शोकांतिकाही आहे. ज्या मुलांसाठी खोल्या बांधल्या, त्यांच्या शिक्षणावर खर्च झाला, आणि त्या शिक्षणानेच त्यांना त्या खोल्यांतून बाहेर नेले.

५. करार

शेवटचा कागद पुनर्विकासाच्या कराराचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे टीडीआरची, व्यवस्था आणली. शहरात आरक्षणाखाली जमीन देणाऱ्याला मोबदल्यात बांधकामाचा हक्क मिळू लागला आणि तो हक्क उपनगरात वापरता येऊ लागला. ज्या भूखंडावर एक पट बांधकाम करता येत होते, तेथे दुप्पटीपर्यंत वाव निर्माण झाला. याचा अर्थ असा, की पार्ल्यातल्या दुमजली घराच्या डोक्यावर एक अदृश्य, विकाऊ अवकाश तयार झाला. घराची किंमत आता घरात उरली नाही. ती त्याच्यावरच्या मोकळ्या हवेत गेली. विमानतळाच्या सान्निध्यामुळे उंचीवर बंधने असल्याने काही भागांत हे काम अडले, पण ओघ थांबला नाही. २०१६ मध्ये पार्ल्याच्या प्रसिद्ध बिस्किट कारखान्यातले उत्पादन बंद झाले, तेव्हा वस्तीच्या हवेतला एक ओळखीचा वासही इतिहासजमा झाला.

या बदलाविषयी हळहळ व्यक्त करणे सोपे आहे. पण ती व्यक्त करण्यापूर्वी घरात राहणाऱ्यांचे म्हणणे ऐकावे. गळक्या छपराखाली चाळीस पावसाळे काढलेल्या वृद्धेला उद्वाहन आणि न गळणारे छत हवे असेल, तर तिला वारशाचे महत्त्व सांगणारे आपण कोण? भाडेकरूला प्रथमच मालकी मिळते. २००५ नंतर काही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करण्यास नकार दिला आणि त्यांनाही वाटा मिळाला. घर पडल्यामुळे ज्यांचे काही भले झाले त्यांत ही माणसेही आहेत. दुसरीकडे, वाढलेल्या देखभाल खर्चामुळे आणि कुटुंबांतल्या वाटण्यांमुळे अनेक जुनी कुटुंबे मोबदला घेऊन उत्तरेकडे सरकली. शंभर वर्षांपूर्वी गिरगावाने पार्ल्याकडे जे केले, तेच पार्ले आता आणखी दूरच्या गावांकडे करीत आहे. तेथेही कोणाचे तरी खाचर असते आणि तेथेही 'पूर्वी काहीच नव्हते' असे म्हटले जाते.

हिशेब मांडला तर एक गोष्ट चकित करते. ज्या घराला आपण परंपरेचे प्रतीक मानतो त्याचे आयुष्य फार तर साठ-सत्तर वर्षांचे, म्हणजे एका माणसाच्या आयुर्मानाएवढे. प्लेग, रेल्वे, नगररचना आणि सहकार यांनी ते घडवले. भाडे कायद्याने ते गोठवले. उत्तराधिकाराने ते विभागले आणि टीडीआरने ते उचलून नेले. यांतली एकही शक्ती घरात जन्मलेली नव्हती. तरीही त्या मर्यादित काळात, त्या मर्यादित जातवर्गाने, शाळा, ग्रंथालये, व्याख्यानमाला आणि वाचणारा समाज उभा केला, आणि आपण ज्या मराठी साहित्याचे अध्यापन करतो त्याचा मोठा वाचकवर्ग या व्हरांड्यांतच बसलेला होता. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. यांतले एक सांगून दुसरे झाकले, की इतिहासाचे स्मरणरंजन होते किंवा आरोपपत्र होते.

साहित्याच्या अध्यापकाने यात काय करावे? आमची सूचना साधी आहे. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्याला 'मराठी कादंबरीतील घर' हा विषय देताना त्याच्या स्वतःच्या परिसरातल्या एका घराचे कागदही वाचायला सांगावेत, अर्थात घरच्यांच्या संमतीने आणि नावे गाळून. उतारा कोणत्या सालापासून मिळतो, खरेदीखतात चतुःसीमा कोणत्या शब्दांत वर्णिल्या आहेत, बांध, ओहोळ, ताड असे कोणते शब्द पुढच्या दस्तांतून नाहीसे झाले, हक्कसोडपत्रावर किती बायकांचे अंगठे आहेत आणि किती सह्या, हे सर्व भाषेचेच प्रश्न आहेत. पुनर्विकासाच्या वेळी घर रिकामे करायला मोजके दिवस मिळतात. भांडी, फोटो आणि देव नव्या जागी जातात. कागदांची ट्रंक बहुधा रद्दीवाल्याकडे जाते, कारण करार झाल्यावर जुन्या कागदांना बाजारात किंमत उरत नाही. नेमक्या त्याच क्षणी त्यांना आपल्या दृष्टीने किंमत येते. रद्दीवाल्याच्या आधी एखादा विद्यार्थी त्या दारात पोहोचला, तर वाडा आणि चाळ यांच्या मधले हे घर मराठी समीक्षेला अजूनही वाचता येईल.